साठ मिनिटं आणि सव्वा मायक्रोग्रॅम : पित्ताशयाच्या हायडा स्कॅनबद्दल

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. तपासणी चोख, यंत्रावरचा मुलगा गुणी, समजावून सांगण्याच्या नावाने शून्य, आणि रिपोर्ट... रिपोर्टवर नंतर येते. पाचपैकी साडेतीन तारे. उरलेला दीड कुठे सांडला ते खाली सविस्तर आहे.

मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ, आकडे आणि तळटीपा तपासणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा. दोन वर्षांपूर्वी शरीरक्रियाशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाची प्रुफं माझ्याकडे आली होती. त्यातलं आतड्याच्या संप्रेरकांचं प्रकरण मी तीनदा वाचलं. आवडलं म्हणून नव्हे. लेखकाने कोलेसिस्टोकायनिन हा शब्द एका प्रकरणात चार तऱ्हांनी लिहिला होता म्हणून. लाल शाईने सगळीकडे एकच रूप करून दिलं आणि विषय डोक्यातून काढून टाकला. यंदा तोच शब्द सुईतून माझ्या हाताच्या शिरेत गेला. प्रुफात इतके दिवस छळलं त्याने, आता जरा उपयोगी पड म्हटलं.

झालं होतं असं की जड, स्निग्ध जेवण झालं की तासाभराने उजव्या बरगडीखाली कळ यायची. चमक नव्हे, कुणीतरी मूठ आवळून धरावी तशी. अर्धा-पाऊण तास राहायची, कधी उजव्या खांद्याच्या मागे जायची, मग आपोआप ओसरायची. सोनोग्राफी दोनदा झाली. खडे नाहीत, पित्ताशयाची भिंत जाड नाही, नळी फुगलेली नाही. रक्त ठीक. घरच्यांचं निदान तर पहिल्या दिवसापासून तयार होतं: "पित्त झालंय तुला."

आता या शब्दाबद्दल थोडं बोलू द्या, धंद्याची खोड आहे. आपल्याकडे छातीत जळजळलं की पित्त, डोकं धरलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, आणि कुणी चिडलं तर त्याचंही पित्त खवळतं. यांतल्या एकाचाही पित्ताशयाशी संबंध नाही. जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने. खरं पित्त यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं असतं आणि आम्लाच्या उलट, किंचित अल्कधर्मी असतं. यकृत ते दिवसभर थेंबथेंब गाळत असतं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात ते पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत जाऊन साठतं. पिशवीत मावतं ३० ते ५० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. पण ही पिशवी त्यातलं पाणी शोषून घेते आणि पित्त दाट करते, म्हणून एवढीशी जागा पुरते. जेवणातला स्निग्धांश लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचला की पिशवीने आवळून ते पित्त खाली सोडायचं, एवढंच तिचं काम. माझ्या डॉक्टरांचा प्रश्न होता: ती आवळते का नीट? सोनोग्राफीत पिशवी दिसते. ती काम करते का, हे पाहायला हायडा स्कॅन.

पहिला अर्धा तारा इथेच कापला. वेळ ठरवताना फोनवर एक वाक्य मिळालं, "रात्री बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही," आणि फोन बंद. का, ते नाही. कारण साधं आहे आणि सांगितलं असतं तर माणूस नियम मनापासून पाळतो. तुम्ही थोड्याच वेळापूर्वी जेवलेले असाल, तर तुमच्या आतड्याने स्वतःच कोलेसिस्टोकायनिन, म्हणजे पित्ताशयाला आवळायला लावणारं संप्रेरक, सोडलेलं असतं. पित्ताशय आवळलेलं असतं, आणि आवळलेल्या पिशवीत नवं पित्त शिरत नाही. स्कॅनमध्ये पिशवी दिसतच नाही आणि उगाच भलतं निदान समोर येतं. म्हणून किमान चार तास उपास. पण उलटही खरं: चोवीस तासांहून जास्त उपाशी राहिलात तर पिशवी दाट, जुन्या पित्ताने काठोकाठ भरते आणि तरीही नवं आत जात नाही. माझ्या आधी एक आजोबा बसले होते, ते "तपासणी चांगली यावी म्हणून" आदल्या सकाळपासून काही खाल्लं नाही असं अभिमानाने सांगत होते. आत गेल्यावर त्यांचं वेळापत्रक बदललं, ते मी कानांनी ऐकलं. फोनवर एक वाक्य जास्त बोललं असतं तर काय बिघडलं असतं?

मग एक अर्ज. गर्भारपण, ॲलर्जी, आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं घेता का. शेवटचा प्रश्न बरोबर होता. पित्ताची नळी आतड्यात उघडते तिथे एक स्नायूंचं कडं असतं. ती औषधं ते कडं घट्ट करतात, मग पित्ताशय कितीही आवळलं तरी बाहेर काय पडणार? पण हल्ली इतके लोक वजनासाठी किंवा मधुमेहासाठी आठवड्याला एक इंजेक्शन घेतात, त्याचा उल्लेख अर्जात कुठेच नव्हता. तेही आतड्याच्याच एका संप्रेरकाच्या, जीएलपी-१ च्या, घडणीवर बेतलेलं आहे. शरीरातलं मूळ जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं होतं. अशा इंजेक्शनांतल्या सेमाग्लुटाइड या औषधात फेरफार असे केलेत की ते आठवडाभर टिकतं. ही औषधं जठर सावकाश रिकामं करतात, आणि पित्ताशयाच्या तक्रारी हा त्यांच्या नोंदलेल्या दुष्परिणामांपैकी एक आहे. मी घेत नाही, पण विचारायला हवं होतं. मी अर्जाच्या समासात तसं लिहून आले. सवय.

खोली गार होती. गार म्हणजे यंत्राला मानवेल इतकी गार, माणसाचा विचार नंतर. पातळ गाऊन, वर एक चादर, पाय उघडे. डाव्या हाताला सुई लावली आणि टेक्नेशियमचं इंजेक्शन दिलं. हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीत पालेर्मोमध्ये पेरिये आणि सेग्रे यांनी ओळखलं. माणसाने कृत्रिमरीत्या मिळवलेलं हे पहिलं मूलद्रव्य, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'कृत्रिम' या शब्दावरून त्याचं नाव. स्कॅनला वापरतात त्या रूपाचा किरणोत्सर्ग दर सहा तासांनी निम्मा होतो. ते मेब्रोफेनिन नावाच्या रेणूला बांधलेलं असतं, आणि यकृत या रेणूला बिलिरुबिन समजून रक्तातून उचलतं, पित्तात टाकतं. थोडक्यात, पित्ताला आतून दिवा लावून देतात. डोक्यावरचा कॅमेरा स्वतः काही सोडत नाही, नुसता बघतो.

"काकू, आता एक तास हलायचं नाही," यंत्रावरचा मुलगा म्हणाला. पंचविशीचा असेल. "श्वास घ्या, पण बाकी पुतळा."

"आणि नाक खाजलं तर?"

"मला सांगा, मी खाजवतो." त्याने खरंच एकदा खाजवलं. त्याचा पूर्ण एक तारा.

त्याने पडदा माझ्या बाजूला वळवून ठेवला होता. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मी मान वळवू नये म्हणून. पहिल्या काही मिनिटांत यकृत उजळलं, मोठं, तिरपं, पावसाळी ढगासारखं. मग त्या ढगातून एक बारीक रेघ खाली आली, ती नळी. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला रेघेच्या कडेला एक ठिपका उमटला आणि फुगत गेला. तेच माझं पित्ताशय. सोनोग्राफीत ते काळं, रिकामं दिसलं होतं. इथे ते उजेडाने भरत होतं. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी त्याला 'पेअर शेप' म्हटलं होतं. मला ते स्वल्पविरामासारखं वाटलं.

याच तासात माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले, आणि कावळे म्हणजे अक्षरशः, मुलालाही ऐकू गेले. मला आठवलं, त्या प्रुफात लिहिलं होतं की रिकाम्या पोटाचा हा आवाज नुसत्या भुकेचा नसतो. उपाशी असताना दर दीड ते दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलंसुरलं झाडून पुढे नेते. ती लाट सुरू करण्यात मोटिलिन नावाच्या संप्रेरकाचा हात असतो. बावीस अमिनो आम्लांचा छोटासा रेणू. एरिथ्रोमायसिन या जुन्या प्रतिजैविकाने पोटात मुरडा येतो तो याचमुळे, ते मोटिलिनच्याच कुलुपात जाऊन बसतं. भुकेचं ते घ्रेलिन. ते १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी उंदराच्या जठरातून वेगळं केलं. म्हणजे कावळे दोन जातींचे, झाडू मारणारे आणि जेवायला बोलावणारे. मी मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "काकू, बोलताना पोट हलतंय."

तास संपला. आता मुख्य भाग. मी घरून एकच प्रश्न पाठ करून गेले होते, आणि तुम्हीही हाच विचारा: संप्रेरक किती मिनिटांत देणार?

"एक तास," तो म्हणाला. "पंपावर लावतो."

इथे माझा जीव भांड्यात पडला. कारण हे सगळीकडे असं नसतं. देतात ते सिंकालाइड, म्हणजे कोलेसिस्टोकायनिनचा शेवटचा आठ अमिनो आम्लांचा तुकडा, प्रयोगशाळेत बनवलेला. काही ठिकाणी तो तीन मिनिटांत ढकलून मोकळे होतात. तसं केलं की निरोगी माणसाचं पित्ताशयही अर्धवट आवळतं, पोटात कळ येते, मळमळतं, आणि कागदावर आकडा कमी लागतो. २०१० साली ६० निरोगी स्वयंसेवकांवर १५, ३० आणि ६० मिनिटं अशा तिन्ही पद्धती तपासल्या गेल्या; आकड्यांमधली तफावत सगळ्यांत कमी निघाली ती ६० मिनिटांच्या पद्धतीत, आणि निरोगी माणसाची खालची सीमा ठरली ३८ टक्के. म्हणजे पिशवीतल्या पित्तापैकी निदान ३८ टक्के बाहेर पडायला हवं. ही सीमा या पद्धतीपुरतीच. दुसऱ्या वेगाने देऊन ३८ ची फूटपट्टी लावणं म्हणजे एका पुस्तकाच्या शुद्धिपत्राने दुसरं पुस्तक तपासणं. अशा आकड्यावर विसंबून कुणाचं पित्ताशय काढून टाकलं तर?

सावकाशपणाच का, याचं उत्तर शरीराच्या रीतीत आहे. लहान आतड्याच्या अस्तरात लाखो साध्या पेशींच्या गर्दीत अधूनमधून एखादी संप्रेरक सोडणारी पेशी बसलेली असते. सगळ्या मिळून अस्तराच्या शेकडा एक. कोलेसिस्टोकायनिन सोडणारीला आय-पेशी म्हणतात. तिचं एक टोक आतड्याच्या पोकळीत डोकावतं आणि आलेल्या घासाची चव घेतं. लांब साखळीची मेदाम्लं किंवा प्रथिनांचे तुकडे दिसले की दुसऱ्या टोकाने संप्रेरक रक्तात. ते चार ठिकाणी पोहोचतं. पित्ताशय आवळतं, नळीच्या तोंडाचं कडं सैल पडतं, स्वादुपिंड विकरं सोडतं, आणि जठराला निरोप जातो: जरा थांब, पुढचं इतक्यात पाठवू नकोस. म्हणजे स्निग्ध घास स्वतःच स्वतःच्या मागच्या घासाला अडवतो. म्हणून जड जेवण तासन्‌तास पोटात बसल्यासारखं वाटतं. जेवणानंतर हा निरोप दोन-तीन तास थोडाथोडा चालू राहतो, आणि रक्तातला प्रत्येक रेणू काही मिनिटांत मोडून जातो. अशी ही धिम्या आवाजातली बोलणी. तीन मिनिटांतलं इंजेक्शन म्हणजे कानात किंचाळणं.

मात्रा दर किलोला ०.०२ मायक्रोग्रॅम. माझं वजन साठ, म्हणजे तासाभरात मिळून १.२ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा आणि त्यातला सव्वा भागही नाही, असं काहीतरी. मुलाने एक चिमुकली कुपी दाखवली, तळाशी पांढरी भुकटी, अख्ख्या कुपीत पाच मायक्रोग्रॅम. एवढ्याशाने काय होणार, असं माझं तोंड झालं असावं. तो म्हणाला, "बघाच."

पंप सुरू झाला. त्या आठ अमिनो आम्लांविषयी मी आत्ता थोडी वाहवत जाणार आहे, कारण मुद्रितशोधकाला यापेक्षा सुंदर काही नाही. जठरात आम्ल वाढवणारं गॅस्ट्रिन आणि पित्ताशय हलवणारं कोलेसिस्टोकायनिन, या दोघांची शेवटची पाच अमिनो आम्लं अगदी तीच आहेत. त्याच क्रमाने. फरक टायरोसिन या एका अमिनो आम्लाच्या जागेचा. ते कोलेसिस्टोकायनिनमध्ये शेवटून सातवं आहे, गॅस्ट्रिनमध्ये शेवटून सहावं. सातव्या जागेवरच्या या टायरोसिनला एक सल्फेट चिकटलेलं असतं. ते नसेल तर पित्ताशय त्या रेणूला जवळजवळ ओळखतच नाही. एक अनुस्वार गाळला की 'गंध'चा 'गध' होतो आणि अर्थ नाहीसा होतो, तसं. आणि बेडकानेही हेच प्रूफ लावून ठेवलंय! ऑस्ट्रेलियातल्या एका हिरव्या झाडबेडकाच्या कातडीतून एर्स्पामेर या इटालियन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात सेरुलिन नावाचा पदार्थ काढला. त्याचाही शेवट हाच, तेच सल्फेट, आणि तेही पित्ताशय आवळतं. बेडकाला आपल्या पित्ताशयाशी काय करायचंय, देव जाणे.

या सगळ्याची सुरुवात १६ जानेवारी १९०२ ला लंडनमध्ये झाली. बेलिस आणि स्टार्लिंग हे दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञ, नात्याने मेहुणे, स्टार्लिंगची बहीण बेलिसला दिलेली. तोवर मान्यता अशी की पचनाचे सगळे निरोप मज्जातंतूंतून जातात. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलोव्हची सगळी शाळा त्याच मताची. या दोघांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा सगळ्या मज्जातंतूंपासून तोडला, त्यात आम्ल घातलं, आणि स्वादुपिंड तरीही पाझरू लागलं. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्लाबरोबर घोटलं, गाळलं आणि थेट शिरेत दिलं. पुन्हा पाझर. निरोप रक्तातून जात होता. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. पावलोव्हच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग पुन्हा केला, तिथेही तेच. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा निरोप्यांना 'हार्मोन' हा शब्द वापरला. ग्रीक धातूचा अर्थ चेतवणं. आपल्या 'संप्रेरक' शब्दात तोच अर्थ जास्त नेटका उतरलाय, असं माझं मत आहे. नोबेल १९०४ चं पावलोव्हला मिळालं, या मेहुण्यांना कधीच नाही.

माझ्या शिरेतल्याची कथा पुढची. १९२८ मध्ये शिकागोत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी आतड्याच्या अर्काने पित्ताशय आवळतं हे दाखवलं आणि ते लांबलचक नाव ठेवलं: पित्त, पिशवी, हालवणारा, तीन ग्रीक तुकडे. १९४३ मध्ये हार्पर आणि रेपर यांना स्वादुपिंडाची विकरं सोडवणारं संप्रेरक सापडलं, त्यांनी त्याचं नाव ठेवलं पॅन्क्रिओझायमिन. मग १९६० च्या दशकात स्टॉकहोममध्ये योर्पेस आणि मूट यांनी डुकरांच्या ढिगाने आतड्यांतून दोन्ही शुद्ध करत आणली, आणि निघालं काय, तर दोन्ही एकच! तेहतीस अमिनो आम्लांची एकच साखळी. काही वर्षं पुस्तकांत दोन्ही नावं जोडून छापली जात होती. एकच माणूस सूचीत दोन नावांनी दोनदा आला, असा प्रकार मी महिन्यातून एकदा तरी दुरुस्त करते. स्टॉकहोमच्या या दोघांना मात्र त्यासाठी वर्षं लागली.

पडद्याकडे वळते. पहिली सात-आठ मिनिटं काहीच नाही. मग स्वल्पविरामाची शेपटी बारीक झाली. खरंच, डोळ्यांसमोर. ठिपका आत खेचला गेल्यासारखा लहान होऊ लागला, आणि खाली, आतापर्यंत काळ्या असलेल्या जागेत, आतड्याच्या वळणावर उजेडाचा एक ओघळ उतरला. थांबला. पुन्हा उतरला. पाव तासात तिथे एक अख्खं वेटोळं उजळलं होतं. मी काही खाल्लं नव्हतं. माझ्या आतड्याला मात्र कुणीतरी सांगितलं होतं की स्निग्ध जेवण आलंय, आणि त्याने विश्वास ठेवून सगळी तयारी केली होती. तळाशी चिमूटभर भुकटी असलेल्या कुपीतला पाव हिस्सा, त्याच्या शब्दावर.

वाटलं काय? विसाव्या मिनिटाला बेंबीच्या वर हलकी मळमळ, पाच मिनिटं, मग गेली. माझी ती ओळखीची मूठ आवळल्यासारखी कळ मात्र आली नाही. आणि एक गंमत: भूक मेली. कावळे गप्प. १९७३ मध्ये उंदरांना कोलेसिस्टोकायनिन देऊन ते कमी खातात हे दिसलं होतं, व्हेगस मज्जातंतूवाटे मेंदूला तृप्तीचा निरोप जातो म्हणून. माझ्या बाबतीत ते संप्रेरकाने झालं की तासभर पडद्याकडे टक लावल्याने, सांगता येत नाही. पण न जेवता जेवल्यासारखं वाटणं विचित्रच. पंप बंद झाल्यावर पाऊण तासाने कावळे परतले.

आता रिपोर्ट. दुसऱ्या दिवशी मिळणार होता, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. इथवर मी काही म्हणत नाही. घरी येऊन चष्मा लावला. मजकुरात लिहिलं होतं, पित्ताशयाने ४६ टक्के पित्त बाहेर टाकलं. खाली, ठळक अक्षरांत, निष्कर्षात, ६४ टक्के. अंकांची अदलाबदल, आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक. कोणता खरा? सोबत आलेख होता. सुरुवात १०० वर, शेवट ५४ वर. म्हणजे बाहेर पडले ४६.

दुसऱ्या दिवशी गेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "दोन्ही नॉर्मलच आहेत ना मॅडम?" आहेत. ३८ च्या वरच आहेत दोन्ही. पण तीच बोटं उद्या ३६ चं ६३ करतील, किंवा २४ चं ४२, आणि तिथे एक माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईल किंवा जाणार नाही. हे मी आवाज न चढवता सांगितलं, माझं पित्त तेवढं खवळलं नव्हतं. एक तरुण डॉक्टर आल्या, आलेख पाहिला, "सॉरी, बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या आणि तिथल्या तिथे सही करून नवा कागद दिला. त्यांना अर्धा तारा परत. सही करण्याआधी कुणी वाचलं नाही त्याचा मात्र कापला तो कापला, आणि त्या फोनचाही.

माझ्या डॉक्टरांनी कागद पाहून सांगितलं की पित्ताशयाला हात लावायचं कारण नाही. त्यांनी हेही सांगितलं, की आकडा ३८ च्या खाली आला असता तरी लगेच काढायला सांगितलं नसतं. मधुमेह, सीलिॲक, काही औषधं, अशा कितीतरी गोष्टींनी पिशवी सुस्त होते, आणि खडे नसताना निव्वळ एका टक्केवारीवर अवयव काढून कळ थांबेलच असं नाही. हे कुणी आधी सांगितलं असतं तर आदली रात्र मी जरा झोपले असते. कळ अजून अधूनमधून येते. आता जठराची दुर्बीण ठरली आहे, त्याचं परीक्षण वेगळं लिहीन.

ज्यांना ही तपासणी सांगितली आहे त्यांच्यासाठी: एकूण सव्वादोन ते अडीच तास धरा. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवा, आजोबांसारखं शौर्य नको. वेदनाशामकं आणि ती साप्ताहिक इंजेक्शनं, अर्जात नसली तरी तोंडाने सांगा. मिनिटांचा प्रश्न सुईच्या आधी विचारा, नंतर नव्हे. पडदा तुमच्या बाजूला वळवायला सांगा, नाही म्हणत नाहीत. रिपोर्टमधला मजकुरातला आकडा आणि निष्कर्षातला आकडा जुळतो का ते खिडकीवरच पाहा. आणि पायमोजे न्या. जाड.